चाळिशीत रेकॉर्डर शिकतेय : फुंक, बोटं आणि काही प्रश्न

निळाई

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. लेक यंदा तिसरीत गेली. सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या दप्तरातून एक कापडी पिशवी घरी आली. आत लाकडी ब्लॉकफ्लोटे, म्हणजे इंग्रजीत जिला रेकॉर्डर म्हणतात ती उभी धरून वाजवायची बासरी. इथे पुष्कळ मुलांचं पहिलं वाद्य हेच असतं. लेक रोज दहा मिनिटं वाजवायची आणि मी भाजी चिरता चिरता ऐकायचे. एका रात्री ती झोपल्यावर मी ती बासरी हातात घेतली, डाव्या हाताची दोन बोटं ठेवली आणि हळूच फुंकलं. इतका सरळ, स्वच्छ सूर आला की मला भरून आलं. लहानपणी सांगलीत गाणं शिकत होते, गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. मग अकरावी-बारावी आली आणि ते तिथेच राहिलं. वीस-बावीस वर्षांनी स्वतः सूर लावला तो असा.

दुसऱ्या आठवड्यात स्वतःसाठी प्लॅस्टिकची सोप्रानो, म्हणजे लहान आकाराची, उंच आवाजाची रेकॉर्डर घेतली. लेकीच्या पुस्तकातूनच शिकतेय. पहिले तीन स्वर हा, आ, गे, म्हणजे बी, ए, जी. (जर्मनीत बी या स्वराला 'हा' म्हणतात, हे कळायलाच मला दोन दिवस लागले.) तीन आठवडे झाले. आता अडले आहे ते असं :

एफ हा स्वर माझ्या बासरीवर बेसूर लागतो. पुस्तकात दाखवल्याप्रमाणे मागचा अंगठा आणि पुढची चार बोटं ठेवते, तर स्वर चढा येतो, जवळजवळ पुढच्या स्वराकडे झुकलेला. तीच बोटं लेकीच्या बासरीवर ठेवली की अगदी बरोबर. माझं वाद्यच सदोष आहे का?

खालचे डी आणि सी नीट लागत नाहीत. फुंकल्याबरोबर एक किंचाळी येते किंवा स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो.

दहा मिनिटं झाली की आवाज घोगरा होतो, कोंडतो.

आणि एक मोठा प्रश्न. माझ्या डोक्यात सरगम आहे. समोर मात्र पाच रेषांवरचे काळे ठिपके. सरगमीच्या वाटेने शिकले तर पुढे अडेल का?

इथे कुणी रेकॉर्डर वाजवत असेल तर कृपया सविस्तर लिहा. घरात मला शिकवणारी एकच आहे आणि ती आठ वर्षांची आहे.

---

दीपमाळ

वाचतेय. आमच्या गावच्या जत्रेत अलगूज मिळायचं, तेही असंच उभं धरून तोंडात घ्यायचं. ते आणि हे एकच का?

---

कुळागर

निळाईताई, तुमचं वाद्य निर्दोष आहे. तुमच्या हातात बरोक पद्धतीची बासरी आहे आणि पुस्तक आहे जर्मन पद्धतीच्या बासरीचं.

दोन्ही बासऱ्या शेजारी ठेवून पुढची भोकं वरून मोजा. चौथं भोक पाचव्यापेक्षा लहान असेल तर ती बरोक. पाचवं चौथ्यापेक्षा लहान असेल तर जर्मन. बऱ्याच वाद्यांवर मागच्या बाजूला बी किंवा जी असं अक्षरही कोरलेलं असतं.

हा घोळ शंभरेक वर्षांपूर्वीचा. १९२० च्या दशकात पेटर हार्लान या जर्मन वाद्यकाराने एफची बोटं सोपी व्हावीत म्हणून भोकांची मापं बदलली. मुलांना एकेक बोट क्रमाने ठेवत खाली जाता यावं हा हेतू. पण नळीत एका जागी सवलत घेतली की दुसरीकडे किंमत मोजावी लागते. जर्मन बासरीवर एफ सोपा झाला आणि एफ शार्प, म्हणजे त्याच्या अर्धा स्वर वरचा, अडला. तो सुरात आणायला जास्त बोटं अडकवावी लागतात आणि तरी मनासारखा लागत नाही. पुढे जेव्हा एफ शार्पवाल्या धुना येतात (आणि त्या लगेच येतात) तेव्हा मुलं तिथे अडखळतात.

तुमच्या बरोक बासरीवर एफ असा : मागचा अंगठा, पुढची एक, दोन, तीन, चार, मग पाचवं उघडं आणि सहा, सात बंद. उजव्या हाताची तर्जनी खाली, मधलं बोट वर आणि शेवटची दोन खाली. सुरुवातीला बोटं आखडतात. ईवरून एफवर जाताना मधलं बोट उचलायचं आणि त्याच क्षणी शेवटची दोन ठेवायची, ही अदलाबदल हळू लयीत रोज वीस वेळा करा. दोन आठवड्यांत बोटांना कळतं. एफ शार्प मात्र सोपा : अंगठा, एक, दोन, तीन, चौथं उघडं, पाच आणि सहा बंद.

लेकीला तिच्या शाळेच्या पद्धतीनेच वाजवू द्या. वर्गात सगळे तसंच वाजवत असतील तर तिला वेगळं पाडू नका. तुम्ही मात्र बरोकच धरून राहा. जगभरातलं रेकॉर्डरचं गंभीर वादन त्याच बोटांनी होतं.

घोगऱ्या आवाजाबद्दल : ते पाणी आहे. तुमचा श्वास गरम, बासरी थंड, म्हणून फुंकेच्या वाटेत बाष्प साचतं. वाजवण्याआधी तोंडाकडचा भाग पाच मिनिटं काखेत किंवा मुठीत धरून गरम करा, निम्मा त्रास तिथेच संपतो. वाजवताना कोंडलंच तर वरची चौकोनी खिडकी तळव्याने झाका आणि जोरात फुंका, पाणी बाहेर पडेल. त्या खिडकीच्या धारेला नखाने किंवा कापडाने कधीही डिवचू नका. आवाज तिथेच जन्मतो.

लेकीची बासरी लाकडी आहे ना? मग वाजवून झाल्यावर तिचे भाग सुटे करून आतून फडक्याने पुसा आणि उघड्यावर वाळू द्या. हीटरवर ठेवू नका, लाकूड तडकतं. तुमची प्लॅस्टिकची कोमट साबणाच्या पाण्यात खुशाल धुवा.

मी मडगावचा. लहानपणी पॅरिशच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकलो. आल्टो रेकॉर्डर तिशीनंतर हाती आली, गेली अकरा वर्षं वाजवतोय.

---

पावा

कुळागर दादांनी बोटांचं उत्तम सांगितलं. मी फुंकेचं सांगतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न पूर्णपणे फुंकेचा आहे.

मी नाशिकला बासरी वाजवतो, आडवी. भाच्याची रेकॉर्डर हातात आली तेव्हा मला वाटलं, ही तर आपलीच धाकटी बहीण. पहिल्याच फुंकेला किंचाळली. आडव्या बासरीत हवेची धार आपल्या ओठांनी घडते. ओठ किती उघडे, कोन काय, भोकापासून अंतर किती, हे सगळं आपण ठरवतो. म्हणून बासरीत महिना महिना नुसता आवाज काढण्यात जातो. रेकॉर्डरमध्ये ते काम एका ठोकळ्याने आधीच करून ठेवलंय. ब्लॉकफ्लोटे या नावातला ब्लॉक म्हणजे तोच ठोकळा. तो आणि नळीची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद फट राहते, त्या फटीतून हवा सरळ धारेवर जाऊन आपटते. दीपमाळ ताई, अलगुजाचं तोंडही शिट्टीसारखं, याच तत्त्वाचं. कूळ एकच.

पण ओठांचं काम काढून घेतल्यावर वाजवणाऱ्याच्या हातात उरतो फक्त श्वास. आणि इथे श्वास वाढवला की आवाज मोठा होतो तसाच स्वरही चढतो. कमी केला की स्वर उतरतो. दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या. त्यामुळे प्रत्येक स्वराला एकच योग्य फुंक असते, आणि खालच्या सी-डीला ती इतकी कमी लागते की नवख्याला विश्वासच बसत नाही. चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण 'हाऽ' करून वाफ सोडतो ना, ती फुंक. मेणबत्ती विझवायची फुंक नाही.

एक करून पाहा. गे लावा, म्हणजे अंगठा आणि तीन बोटं. आता श्वास कमी कमी करत स्वर पडायच्या काठावर न्या, मग हळूहळू वाढवत चिरकायच्या काठावर न्या. या दोन काठांच्या मधली जागा कानाने शोधा. मग तीच जागा ई, डी, सी असं करत खाली शोधत जा. फार तर पाच मिनिटं, पण रोज.

सरगमीचं विचारलंत, तर अवश्य सरगमीनेच जा. आमच्या बासरीवर वरची तीन भोकं बंद केली की सा. तुमच्या बासरीवर अंगठा आणि वरची तीन बंद केली की जी, म्हणजे पेटीची पांढरी पाच. तोच सा धरा. हात ओळखीचा वाटेल. मग आ म्हणजे रे, हा म्हणजे ग. लेकीच्या पुस्तकातले पहिले तीन स्वर तुम्ही सांगलीतच शिकलेल्या आहात.

आणि एक भेट देतो. डी, ई, जी, ए, बी, वरचा डी. हे सहा स्वर काढायला एफसारखी तिरकी बोटंही लागत नाहीत आणि अर्धा अंगठाही (मागचं भोक थोडंसंच उघडायचं, तो) लागत नाही. पांढरी पाचचा सा धरला तर हा झाला मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतचा भूप. आणि पांढरी दोनचा, म्हणजे त्या खालच्या डीचाच सा धरला तर तेच सहा स्वर दुर्गा. सा रे म प ध सा. बोटं तीच, नुसता तानपुरा बदला. मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलणं, पुस्तकात वाचली असेल, इथे ती बोटांखाली येते.

---

सांजवारा

पावा, तो शेवटचा परिच्छेद वाचून मुलाची धूळ खात पडलेली रेकॉर्डर काढली. दुर्गा खरंच येतो! मनापासून आभार.

---

फळा_खडू

मी ठाण्यात एका शाळेत संगीत शिकवते. चौथी-पाचवीच्या मुलांना रेकॉर्डर देतो आम्ही. वर्गात चाळीस मुलं एकदम फुंकतात तेव्हा काय होतं याची कल्पना करा. तरी हे वाद्य मी सोडणार नाही, कारण ज्या मुलाला घरी पेटी किंवा तबला मिळणं शक्य नाही त्याच्या दप्तरात हे मावतं आणि त्याचं स्वतःचं असतं.

निळाई, किंचाळी येते तेव्हा दर वेळी फुंकेचाच दोष नसतो. दहापैकी सहा-सात वेळा माझ्या वर्गात कुठलं तरी भोक केसभर उघडं राहिलेलं सापडतं. तपासायची रीत सोपी. सगळी भोकं बंद करून बोटं जरा दाबा आणि मग उचलून बोटांच्या पेरांकडे पाहा. प्रत्येक बोटावर पूर्ण गोल ठसा उमटायला हवा. अर्धा गोल असेल तर ते बोट चोर. बहुतेक वेळा डाव्या हाताची अनामिका चोर निघते आणि आपण शोधत असतो उजव्या करंगळीला. भोकावर बोटाचं टोक ठेवायचं नाही, मऊ गादी ठेवायची. ठसा पाहून झाला की दाब सोडा. वाजवताना बोटं नुसती टेकलेली हवीत.

खालचा शेवटचा तुकडा फिरतो हे लक्षात आलंय का? तो थोडा उजवीकडे वळवा, म्हणजे करंगळी ताणावी लागत नाही. सगळी भोकं एका रेषेत हवीत असा काही नियम नाही. डावा हात वर, उजवा खाली हा मात्र नियम आहे, डावखुऱ्यांनाही.

आता जिभेबद्दल, कारण त्याविषयी कुणी बोललं नाही. प्रत्येक स्वर जिभेने सुरू करायचा असतो. नुसता श्वास सोडून स्वर सुरू केला तर तो आधी खाली आणि मग जागेवर येतो. इंग्रजी पुस्तकात 'डु' लिहितात आणि आपली मुलं अक्षरशः डमरूचा ड म्हणतात. जीभ टाळूकडे वळते आणि स्वर ठोकल्यासारखा येतो. मी मुलांना दुधाचा द सांगते. दु, दु, दु. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी हलकेच टेकतं आणि सुटतं. खालच्या स्वरांना द, वरच्या स्वरांना जरा नेमका त. मराठीत हे दोन्ही वर्ण सुटे आणि स्पष्ट आहेत, आपल्याला वेगळं शिकायला लागत नाही.

याला जुना आधारही आहे. व्हेनिसच्या गानासीने १५३५ साली रेकॉर्डरवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात जिभेचे बोल दिलेत : तेके तेके, तेरे तेरे, लेरे लेरे. तेके कडक, लेरे मऊ, तेरे मधलं. तबल्याचे बोल जसे तोंडाने म्हणून पाठ करतात तसे माझी मुलं हे बोल आधी म्हणतात आणि मगच बासरी तोंडाला लावतात. गानासीचं सांगणं असं होतं की वाद्याने माणसाच्या गळ्याची नक्कल करावी. गाणं शिकलेल्या माणसाला यापेक्षा चांगली सुरुवात कुठली?

---

निळाई

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की काल रात्री दोनदा वाचलं. चोर सापडला. डावी अनामिकाच! ठसा अर्धाच होता. आज सकाळी खालचा डी लागला, सलग आठ मोजेपर्यंत.

बरोक एफची अदलाबदल सुरू केली आहे. कुळागर दादा, आल्टो आणि सोप्रानोतला फरक सांगाल का? मोठ्या माणसाने कुठली शिकावी?

---

कुळागर

दोन्ही. पण घाई नको.

सोप्रानोचा सर्वांत खालचा स्वर सी, आल्टोचा त्याखालचा एफ. बोटं तीच, फक्त स्वरांची नावं बदलतात. तुम्ही सरगमीने शिकत असाल तर हा बदल तुम्हाला इतरांपेक्षा सोपा जाईल. आल्टोवर अंगठा आणि तीन बोटं म्हणजे सी, पांढरी एक. बस, तिथे सा.

आल्टोची भोकं लांब लांब असतात, मोठ्यांच्या हाताला ती अधिक नैसर्गिक पडते आणि आवाज कानाला मऊ लागतो. शिवाय अठराव्या शतकातलं बहुतेक उत्तम रेकॉर्डर संगीत आल्टोसाठीच आहे. टेलेमान, हँडेल यांचे सोनाटे आल्टोचे. बाखने ब्रँडेनबुर्ग कॉन्सर्टोंपैकी दुसऱ्यात आणि चौथ्यात रेकॉर्डर वापरली आहे. ते जरूर ऐका. मी पहिल्यांदा चौथा ऐकला तेव्हा दोन रेकॉर्डर एकमेकींना हाका मारत होत्या आणि मी रस्त्यात स्कूटर थांबवून उभा राहिलो होतो.

त्यानंतर हे वाद्य मागे पडलं. मोठे सभागृह आले, मोठे वाद्यवृंद आले, आणि जोरात फुंकता न येणाऱ्या वाद्याला तिथे जागा उरली नाही. विसाव्या शतकात आर्नल्ड डोल्मेच यांनी इंग्लंडमध्ये ते पुन्हा घडवलं, आणि मग ते शाळांत शिरलं. शाळांत शिरल्यामुळे ते वाचलं आणि शाळांत शिरल्यामुळेच लोक त्याला खेळणं समजू लागले. मला याचं फार वाईट वाटतं. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या मृत्यूनंतर १५४७ मध्ये राजवाड्यातल्या वस्तूंची मोजदाद झाली, तिच्यात ७६ रेकॉर्डर निघाल्या. खेळणी म्हणून कुणी ७६ ठेवत नाही.

सोप्रानोवर सहा महिने काढा. अर्धा अंगठा बसला की आल्टो घ्या.

---

कालव्याकाठी

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टहून लिहितोय. निळाई, सोप्रानोलाही कमी लेखू नका. तिचा एक मोठा माणूस आमच्या गावचा.

याकोब फान आइक. जन्मापासून अंध. सतराव्या शतकात इथल्या डोमच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजवायचा. कान इतका तयार की एका घंटेच्या नादातले वेगवेगळे उपस्वर तो सुटे करून ओळखायचा, आणि त्याच्या या ज्ञानावरून घंटा ओतणाऱ्या हेमोनी बंधूंनी सुरेल घंटा घडवल्या. १६४९ मध्ये त्याचा पगार ८० वरून १०० गिल्डर केला, तो एका अटीवर : संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्या लोकांना त्याने अधूनमधून आपली छोटी बासरी ऐकवावी. ते आवार म्हणजे यान्सकेर्कहोफ. मी रोज तिथूनच सायकलवर ऑफिसला जातो.

त्याच्या धुनांचा संग्रह १६४० च्या दशकात छापला गेला, जवळजवळ सगळा एकट्या सोप्रानोसाठी, साथीला काहीही नाही. रचना आपल्या ओळखीची वाटेल. आधी धून साधी मांडायची, मग तीच दुगुनीत भरायची, मग चौगुनीत. पहिल्या मांडण्या सोप्या आहेत, तुम्हाला तीनचार महिन्यांत जमतील. पुढच्या ताना जन्मभर पुरतात.

---

निळाई

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

एफ बसला. आता तो तिरका वाटतच नाही. पाणी साचणं काखेच्या उपायाने खूप कमी झालं. शनिवारी फोनवर पांढरी दोनचा तानपुरा लावला आणि वीस मिनिटं दुर्गा वाजवला. लेक शेजारी येऊन बसली. मग तानपुरा पांढरी पाचवर नेला आणि तेच स्वर पुन्हा वाजवले. ती म्हणाली, "आई, आता हे वेगळं गाणं झालं." तिला मूर्च्छना हा शब्द सांगितला नाही, पण ऐकू आली होती.

दोन नवे प्रश्न. भूपातला ग, म्हणजे बी, तानपुऱ्यावर किंचित चढा वाटतो. ट्यूनरवर मात्र बरोबर दाखवतो. आणि वरच्या ईला अंगठा नक्की किती उघडायचा?

---

पावा

तुमचा कान बरोबर आहे. ट्यूनर पेटीसारख्या समान अंतरांचा ग दाखवतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो. पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचे (सेमिटोनचे) १०० सेंट धरले तर त्यातले १४. फुंक अगदी थोडी कमी करा, ग खाली बसेल आणि तानपुऱ्यात विरघळेल. ट्यूनर बंद करून ठेवा.

---

फळा_खडू

अंगठा : भोकावरून सरकवायचा नाही. पहिलं पेर वाकवायचं, म्हणजे नखाची कड भोकाच्या काठावर टेकते आणि वर नखाएवढी चिरी उघडी राहते. फार तर पाव भोक. आपण सगळेच सुरुवातीला जास्त उघडतो. अंगठ्याचं नख बारीक कापा, आज रात्रीच. मग खालचा ई लावा, फुंक तशीच ठेवून फक्त अंगठा वाकवा, वरचा ई आपोआप यायला हवा. जोर लावून येत असेल तर चिरी मोठी आहे.

---

निळाई

नख कापलं. आला!